कीटकनाशकांना न जुमानणारे डास आणि प्रथिनांचा कुलवृत्तांत

झाशी शहरात पावसाळा ओसरू लागला की डासांचा हंगाम सुरू होतो. लक्ष्मी ताल, अंतिया ताल यांसारखी जुनी तळी, शहराजवळून वाहणारी पहूज नदी, पाणीटंचाईमुळे घरोघरी भरून ठेवलेली पिंपे आणि उन्हाळा संपल्यावरही न उपसलेले कूलर ही डासांच्या वाढीसाठी सोयीची ठिकाणे ठरतात. या काळात गल्लीबोळांतून धूरफवारणी होते, गावांत भिंतींवर औषध मारले जाते. मात्र औषध मारल्यानंतरही डास का उडताना दिसतात, हा प्रश्न झाशीप्रमाणेच देशाच्या अनेक भागांत विचारला जातो.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग डासांच्या पेशींमध्ये दडलेला आहे. पेशीच्या आवरणात बसून पदार्थांची आत-बाहेर ने-आण करणाऱ्या प्रथिनांचे एक मोठे कुल सर्व सजीवांमध्ये आढळते. त्याला 'एबीसी वाहतूक प्रथिने' असे म्हणतात. डासांच्या शरीरात शिरलेले विष बाहेर फेकण्याच्या कामी या कुलातील काही प्रथिने येतात. त्यांतील नेमकी कोणती, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी या कुलाचा उत्क्रांतीच्या आधारे वंशवृक्ष तयार केला आहे. केवळ अभ्यासकांच्या कुतूहलापुरते हे वर्गीकरण मर्यादित नाही. माणसाला इजा न करता डासांवर नेम कसा धरायचा, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

तीन प्रकारचे डास, तीन प्रकारच्या सवयी

उत्तर भारतातील मैदानी शहरांत आणि खेड्यांत रोग पसरवणाऱ्या डासांच्या तीन प्रजाती प्रामुख्याने आढळतात. अ‍ॅनोफेलिस डास हिवताप पसरवतात. त्यांपैकी 'अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी' हा शहरी डास विहिरी आणि छतावरील टाक्यांमध्ये वाढतो, तर 'अ‍ॅनोफेलिस क्युलिसिफेसीज' हा ग्रामीण भागात कालवे, ओढे आणि नदीपात्रातील डबक्यांमध्ये वाढतो. 'एडीस इजिप्ती' हा डास डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवतो. कूलर, टायर, कुंड्या आणि पिंपांतील स्वच्छ पाणी त्याला मानवते. 'क्युलेक्स क्विन्कफॅसिएटस' हा डास गटारांतील घाण पाण्यात वाढतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो.

दिसायला हे सर्व डास सारखेच वाटत असले तरी त्यांची वंशपरंपरा फार पूर्वी वेगळी झाली. अ‍ॅनोफेलिसची शाखा आणि एडीस-क्युलेक्स यांची शाखा सुमारे १५ ते २० कोटी वर्षांपूर्वी विभक्त झाली, असा अंदाज आहे. त्यामुळे एका डासाविषयी मिळालेली माहिती दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

फवारणीचे यश आणि अपयश

भारतात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. डीडीटीच्या फवारणीमुळे १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा सुमारे एक लाखापर्यंत खाली आला. हिवताप लवकरच इतिहासजमा होईल, असे तेव्हा वाटत होते. परंतु १९७६ मध्ये रुग्णांची संख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. या उलटफेराची कारणे अनेक होती. डासांनी डीडीटीला मिळवलेला प्रतिकार हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण होते.

डीडीटीनंतर मॅलॅथिऑन आले आणि त्यानंतर डेल्टामेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे आली. आज औषध लावलेल्या मच्छरदाण्यांमध्येही प्रामुख्याने पायरेथ्रॉइडच वापरली जातात. देशातील अनेक जिल्ह्यांत डासांनी याही औषधांना प्रतिकार दाखवला आहे. नवे कीटकनाशक शोधून, ते सुरक्षित ठरवून बाजारात आणण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे हाती असलेली मोजकी औषधे टिकवणे हे आरोग्य यंत्रणेपुढील मोठे आव्हान आहे. भारताने २०२७ पर्यंत स्थानिक हिवतापाचे रुग्ण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले असल्याने या आव्हानाला विशेष महत्त्व आहे.

डास औषधाला दाद देतो की नाही, हे तपासण्याची जागतिक आरोग्य संघटनेची एक ठरलेली पद्धत आहे. औषध लावलेल्या कागदाच्या नळीत डासांना एक तास ठेवले जाते आणि २४ तासांनंतर किती डास मेले, हे मोजले जाते. ९८ टक्के किंवा त्याहून अधिक डास मेले तर औषध प्रभावी मानले जाते. हे प्रमाण ९० टक्क्यांहून कमी असेल तर डासांमध्ये प्रतिकार निर्माण झाल्याचे समजले जाते. या चाचणीतून किती डास वाचले हे कळते. ते कसे वाचले, हे मात्र कळत नाही.

विषाला तोंड देण्याचे मार्ग

डास विषापासून अनेक प्रकारे बचाव करतो. पहिल्या प्रकारात विष ज्या ठिकाणी जाऊन चिकटते, त्या मज्जातंतूतील प्रथिनाची रचनाच बदलते. दुसऱ्या प्रकारात डासाच्या शरीरावरील कवच जाड होते आणि विष आत शिरण्यास वेळ लागतो. तिसऱ्या प्रकारात शरीरातील विकरे, म्हणजे एन्झाइम, विषाचे रेणू तोडतात किंवा त्यांना दुसरा रेणू जोडून निरुपद्रवी करतात.

यानंतरचे काम वाहतूक प्रथिनांचे असते. विष किंवा विषाचे तुकडे पेशीबाहेर काढल्याशिवाय पेशी सुरक्षित होत नाही. हे काम एबीसी कुलातील प्रथिने पंपासारखे करतात. 'एबीसी' हे 'एटीपी बाइंडिंग कॅसेट' या नावाचे लघुरूप आहे. एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू होय. या प्रथिनाचा एक भाग पेशीच्या आत राहून एटीपी पकडतो, तर दुसरा भाग पेशीच्या आवरणात आरपार बसून मार्ग तयार करतो. एटीपीतील ऊर्जा मिळाली की प्रथिनाचा आकार बदलतो आणि आत अडकलेला रेणू बाहेर ढकलला जातो.

या पंपांची ओळख प्रथम कर्करोगाच्या संशोधनातून झाली. १९७६ मध्ये ज्युलियानो आणि लिंग या संशोधकांनी औषधांना दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींमध्ये 'पी-ग्लायकोप्रोटीन' हे प्रथिन शोधले. कर्करोगाच्या गाठीत हा पंप जास्त प्रमाणात असला की औषध पेशीत टिकत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. डासाचा कीटकनाशकाला होणारा प्रतिकार आणि कर्करोगाच्या पेशीचा औषधाला होणारा प्रतिकार यांत असे साम्य आहे.

कुलवृत्तांत कसा लिहिला जातो

मराठी वाचकांना कुलवृत्तांत हा प्रकार परिचित आहे. झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे कोकणातले. मराठ्यांच्या काळात अशी अनेक कुटुंबे बुंदेलखंडात येऊन स्थायिक झाली. कोणती शाखा कोठून निघाली, कोणाचे कोणाशी नाते आहे, हे कुलवृत्तांतातून कळते. प्रथिनांच्या वंशवृक्षातही हेच पाहिले जाते. फरक इतकाच की, येथे कागदपत्रांऐवजी प्रथिनाची घडणच पुरावा म्हणून वापरली जाते.

प्रत्येक प्रथिन २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ असते. एबीसी कुलातील सर्व प्रथिनांमध्ये एटीपी पकडणारा भाग जवळपास सारखा राहिला आहे. त्यातील एक लहानसा क्रम तर या कुलाची स्वाक्षरीच मानला जातो. डासाच्या संपूर्ण जनुकसंचात हा सारखा भाग शोधला की कुलातील सर्व सदस्य सापडतात. त्यानंतर त्यांच्या माळा संगणकावर एकमेकांशेजारी मांडल्या जातात आणि कोठे किती फरक आहे, हे मोजले जाते. कमी फरक असलेली प्रथिने जवळच्या नात्यातील आणि जास्त फरक असलेली दूरच्या नात्यातील, या तत्त्वावर वृक्ष तयार होतो. हीच गणना माहितीत थोडाथोडा बदल करून शेकडो वेळा केली जाते. दरवेळी तीच फांदी उमटली, तरच तिच्यावर भरवसा ठेवला जातो.

हे काम शक्य झाले ते डासांचे जनुकसंच वाचले गेल्यामुळे. आफ्रिकेतील 'अ‍ॅनोफेलिस गॅम्बी' या डासाचा जनुकसंच २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ २००७ मध्ये एडीस इजिप्तीचा, २०१० मध्ये क्युलेक्सचा आणि २०१४ मध्ये अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सीच्या भारतीय प्रकाराचा जनुकसंच जाहीर झाला. २०१५ मध्ये अ‍ॅनोफेलिसच्या १६ प्रजातींच्या जनुकसंचांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात क्युलिसिफेसीज या भारतीय ग्रामीण डासाचाही समावेश होता.

आठ शाखा आणि एक महत्त्वाचा फरक

एबीसी कुलाच्या ए ते एच अशा आठ शाखा मानल्या जातात. माणसात या कुलातील ४८ जनुके आहेत. फळमाशीत ती ५६ आहेत आणि डासांतही साधारण तेवढीच किंवा थोडी कमी-अधिक आढळतात. एकूण संख्या जवळपास सारखी वाटली तरी शाखानिहाय चित्र वेगळे आहे. माणसात जी शाखेची ५ जनुके आहेत, तर फळमाशीत १५ आहेत. एच शाखेची फळमाशीत ३ जनुके असून माणसात या शाखेचे एकही जनुक नाही. डासांमध्ये मात्र एच शाखा आहे.

ही तुलना उपयुक्त का ठरते, हे जी शाखेच्या उदाहरणावरून दिसते. १९१० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या फळमाश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. या एका माशीपासून आधुनिक आनुवंशशास्त्राच्या प्रगतीला मोठी चालना मिळाली. डोळ्यांच्या रंगासाठी लागणारा कच्चा माल पेशीत योग्य ठिकाणी पोहोचवणारे प्रथिन त्या माशीत बिघडले होते, हे बऱ्याच वर्षांनी समजले. ते प्रथिन एबीसी कुलाच्या जी शाखेतील निघाले. त्याचे जवळचे नातलग डासांमध्येही आहे आणि ते बिघडले की डासाचेही डोळे पांढरे होतात. फळमाशी आणि डास यांची शाखा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, तरीही या जनुकाचे काम तेच राहिले.

परंतु प्रत्येक वेळी नाते आणि काम यांची अशी सांगड असतेच असे नाही. ई आणि एफ या शाखांतील प्रथिनांना पेशीच्या आवरणात बसणारा भागच नसतो. ती कोणत्याही पदार्थाची वाहतूक करीत नाहीत. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेशी त्यांचा संबंध आहे. जोशी आडनावाचा प्रत्येक माणूस पंचांग पाहत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून वंशवृक्षावरून अंदाज बांधता येतो, पण त्याची खातरजमा प्रयोगानेच करावी लागते.

प्रयोगांतून काय दिसले

बी शाखेत माणसातील पी-ग्लायकोप्रोटीनचे नातलग येतात. त्यामुळे संशोधकांची पहिली नजर या शाखेवर गेली. व्हेरापामिल हे माणसाच्या हृदयविकारावरील औषध पी-ग्लायकोप्रोटीनचे काम रोखते. २००२ मध्ये क्युलेक्स डासांच्या अळ्यांवर झालेल्या प्रयोगात व्हेरापामिलसोबत दिल्यावर सायपरमेथ्रिन आणि एंडोसल्फान यांसारखी विषे अधिक घातक ठरली. २०१३ मध्ये एडीस इजिप्तीच्या अळ्यांमधील पी-ग्लायकोप्रोटीनचे जनुक निष्क्रिय करण्यात आले. त्यानंतर पाण्याच्या साठ्यात टाकल्या जाणाऱ्या टेमेफॉस या औषधाने मरणाऱ्या अळ्यांचे प्रमाण वाढले. २०१४ मध्ये अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सीवर पर्मेथ्रिनचा प्रयोग झाला. विषाचा संपर्क येताच या डासाच्या जी शाखेतील एका जनुकाचे काम लक्षणीय वाढल्याचे त्यात आढळले.

या प्रयोगांनी पंपांचा सहभाग दाखवून दिला, पण एक अडचणही पुढे आणली. व्हेरापामिलसारखा पदार्थ घराच्या भिंतीवर किंवा पाण्यात वापरता येणार नाही, कारण तो माणसाच्या हृदयावर परिणाम करतो. शिवाय पी-ग्लायकोप्रोटीन माणसाच्या आतड्यात, यकृतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत संरक्षणाचे काम करते. डासाचा पंप बंद करताना माणसाचाही पंप बंद झाला, तर उपायापेक्षा अपाय मोठा ठरेल.

येथेच वर्गीकरणाचे महत्त्व स्पष्ट होते. जी शाखा माणसात नाहीच, तिच्यावर नेम धरला तर हा धोका कमी होतो. एच शाखा तशी आहे. तांबड्या भुंगेऱ्यावर आणि फळमाशीवर झालेल्या अभ्यासांतून या शाखेची काही प्रथिने कवचातील मेदयुक्त, पाणी रोखणाऱ्या थरासाठी आवश्यक असल्याचे दिसून आले होते. ती बंद केली की कीटक कोरडा पडून मरतो. २०२३ मध्ये 'अ‍ॅनोफेलिस कोलुझी' या आफ्रिकी डासाविषयी आणखी महत्त्वाची माहिती प्रसिद्ध झाली. या डासाच्या पायांमधील पेशींत एच शाखेचे एक प्रथिन आढळले. औषध लावलेल्या मच्छरदाणीवर किंवा भिंतीवर डास बसतो, तेव्हा विष प्रथम पायांतूनच आत शिरते. या प्रथिनाचे जनुक निष्क्रिय केल्यावर डासाच्या शरीरात डेल्टामेथ्रिन अधिक प्रमाणात शिरले आणि अधिक डास मेले.

कीटकनाशकासोबत त्याची ताकद वाढवणारा दुसरा पदार्थ वापरण्याची कल्पना नवी नाही. पायपरोनिल ब्युटॉक्साइड हा पदार्थ विष तोडणाऱ्या विकरांना अडवतो. तो मिसळलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून केली आहे. विकरांना अडवणारा पदार्थ जसा मच्छरदाणीत आला, तसा केवळ डासाचाच पंप अडवणारा पदार्थ भविष्यात मिळू शकेल का, हा या संशोधनापुढील प्रश्न आहे. असा पदार्थ अद्याप वापरात आलेला नाही.

कपाशीच्या शेतातील धडा

पंप वाढला की प्रतिकार वाढतो, एवढ्यावर हा विषय संपत नाही. काही वेळा उलटही घडते. महाराष्ट्रातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांना गुलाबी बोंडअळीचा फटका बसला, त्या अळीचे उदाहरण येथे बोलके आहे. बीटी कपाशीतील एक विषारी प्रथिन अळीच्या आतड्यातील एबीसी कुलाच्या ए शाखेतील प्रथिनाच्या आधारे आपला परिणाम साधते. भारतातील शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम अळ्यांमध्ये या प्रथिनाच्या जनुकात बिघाड आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. येथे पंप अधिक चालल्यामुळे नव्हे, तर विषाला लागणारा दरवाजाच मोडल्यामुळे अळी वाचली. एकाच कुलातील दोन शाखा अशा विरुद्ध मार्गांनी प्रतिकार घडवू शकतात. म्हणूनच 'एबीसी प्रथिन सापडले' एवढे सांगणे पुरेसे नसते. ते कोणत्या शाखेतील, शरीराच्या कोणत्या भागातील आणि कोणत्या विषाशी संबंधित आहे, हे पाहावे लागते.

वर्गीकरणाचा जुना अनुभव

वर्गीकरणाने रोगनियंत्रणाला दिशा दिल्याचा अनुभव भारताला पूर्वीही आला आहे. अ‍ॅनोफेलिस क्युलिसिफेसीज हा एकच डास आहे, असे अनेक वर्षे मानले जात होते. १९८० पासून झालेल्या गुणसूत्रांच्या अभ्यासातून त्यात डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या पाच जाती असल्याचे उघड झाले. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे देण्यात आली. यांतील बी जात भारतात हिवताप पसरवण्यात फारशी सक्षम नाही. त्यामुळे गोठ्यात किती डास सापडले, यापेक्षा ते कोणत्या जातीचे आहेत हे अधिक महत्त्वाचे ठरले. जातींच्या पातळीवर जे घडले, तेच आता प्रथिनांच्या पातळीवर घडत आहे.

या कामाला जगभरातून निकड प्राप्त झाली आहे. भारतीय उपखंडातील शहरी डास असलेला अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला आणि त्यानंतर इथिओपियासह इतर देशांत पोहोचला. पाण्याच्या टाक्यांत वाढणारा हा डास आफ्रिकेतील शहरांसाठी नवा आहे. त्याच्याविषयी मिळणारी माहिती झाशीला जितकी उपयोगी आहे, तितकीच त्या शहरांनाही आहे.

झाशीसाठी याचा अर्थ

झाशीतील एखाद्या वस्तीत डास औषधाला दाद देत नसतील, तर यंत्रणेपुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग औषधाची मात्रा वाढवण्याचा. पण त्यामुळे दुबळे डास मरतात, प्रतिकारक्षम डास उरतात आणि पुढील पिढी अधिक चिवट होते. दुसरा मार्ग प्रतिकाराचे कारण शोधून औषध बदलण्याचा किंवा आलटून पालटून वापरण्याचा आहे. दुसऱ्या मार्गासाठी कोणती जनुके तपासायची, याची यादी लागते. डासाच्या जनुकसंचात हजारो जनुके असतात. ती सर्व प्रत्येक ठिकाणी तपासणे शक्य नसते. वंशवृक्ष ही यादी काही मोजक्या जनुकांपर्यंत खाली आणतो.

अर्थात प्रतिकारामागे बहुतेक वेळा एकापेक्षा अधिक कारणे असतात आणि पंप हे त्यांतील एक आहे. प्रयोगशाळेत दिसलेला परिणाम गावातील भिंतीवर तसाच दिसेल, याची खात्री देता येत नाही. तोपर्यंत जुन्या उपायांना पर्याय नाही. आठवड्यातून एकदा पिंपे आणि कूलर रिकामे करून घासून कोरडे करणे, टाक्यांना घट्ट झाकण बसवणे, भंगारातील टायर उघड्यावर न ठेवणे आणि रात्री मच्छरदाणी वापरणे हे ते उपाय होत. अंडी-अळीच्या अवस्थेतच डास नष्ट झाला, तर त्याचा पंप कितीही सक्षम असला तरी उपयोगाचा ठरत नाही. पाणी मोजकेच येते आणि साठवावेच लागते, अशा बुंदेलखंडात हे सोपे नाही. त्यामुळे झाकण असलेले भांडे आणि नियमित पाणीपुरवठा यांनाही औषधाइतकेच महत्त्व आहे.